नाव नको, माप सांगा

तोरणमाळचा सात पायरी घाट उतरताना मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, वळण संपलं तरी गाडी वळतेच आहे." मला आधी कळलं नाही. पुढच्या वळणावर लक्ष दिलं. स्टिअरिंग सरळ केलं, चाकंही सरळ झाली, पण गाडीचं धड आणखी एकदा बाहेरच्या अंगाला कललं आणि सावकाश परत आलं, बंगईवर बसल्यासारखं. शहाद्याला पोचेपर्यंत आईने आवळासुपारीची डबी रिकामी केली आणि "पुढच्या वेळी मी एसटीने येईन" असं जाहीर केलं.

गाडीचं नाव मुद्दामच सांगत नाही. नाव घेतलं की गप्पा गाडीवर जातात आणि मूळ विषय, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉकप (शॉक अॅब्सॉर्बर), रस्त्यात उतरून जातो. चेसिसवाली, सात सीटची, डिझेल एसयूव्ही आहे, वय बारा-तेरा वर्षं. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे अखंड एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आणि त्यावर कॉइल स्प्रिंग. धुळ्याहून जुनी घेतली तेव्हा १ लाख ३० हजार किलोमीटर झाले होते, आता पावणेदोन लाख. चोपड्यात माझं कृषी केंद्र आहे. आठवड्यातले चार दिवस ही गाडी अडावद, लासूर, वैजापूर अशी फिरते. मागच्या सीटा पाडलेल्या, आत बियाण्याची खोकी, औषधांचे बॉक्स, कधी युरियाच्या ४५ किलोच्या सात-आठ गोण्या. रविवारी सीटा पुन्हा उभ्या होतात आणि ती घरच्यांची होते.

आमच्याकडच्या रस्त्यांना दोन वेगळे आजार आहेत. एक खड्डा, तो सगळ्यांना माहीत. दुसरा काळ्या जमिनीचा. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता फुटला नाही तरी लाटा धरतो. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने शिरपूरपासून रावेरपर्यंत ज्याने गाडी चालवली आहे त्याला वेगळं सांगायला नको. लांबून रस्ता गुळगुळीत दिसतो, पण सत्तरच्या वेगाने गेलं की गाडी होडीसारखी वरखाली होते. खड्ड्यात चाक झटक्याने वर येतं, तेव्हा शॉकप दाबला जातो. लाटेवर आधी दाबलेली स्प्रिंग उसळी मारते आणि शॉकपला ती उसळी मागे ओढून धरावी लागते. माझ्या गाडीचं खड्ड्यातलं वागणं अजून बरं होतं. लाटेवर मात्र ती एकदा उठली की दोनदा, तीनदा, कधी चारदा उठायची. मी याला 'जुनी गाडी आहे' म्हणून वर्षभर सोडून दिलं होतं.

गावाबाहेर निंबाखाली आबांचं गॅरेज आहे. साठी उलटलेले, बोलणं सगळं अहिराणी. गाडी आत घेताघेताच म्हणाले, "भाऊ, गाडी नाची राहिनी तुमनी." बॉनेटवर जोर देऊन गाडी दाबली, सोडली. पुढून ती दीड झोक्यात थांबली, मागून अडीच. मला वाटलं, झालं निदान. आबांनी मान हलवली. त्यांचं म्हणणं, दोन टनाच्या गाडीत स्प्रिंगच एवढी कडक असते की माणूस दाबून दाबून किती दाबणार. या परीक्षेत नापास झालेला शॉकप मेलेला असतोच, पण पास झालेला जिवंत असतो असं नाही.

त्यांची खरी परीक्षा वेगळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, मला गाडी घेऊन बोलावलं. आम्ही यावलच्या दिशेने दहा-बारा किलोमीटर खराब रस्त्याने गेलो, तसेच परत आलो. थांबल्या थांबल्या आबा गाडीखाली हात घालून चारही शॉकपच्या नळ्यांना हात लावून आले. मग मला लावायला लावला. पुढचा डावा चांगला गरम, चहाच्या कपासारखा. पुढचा उजवा कोमट. मागचे दोन्ही पहाटेच्या लोखंडासारखे गार. शॉकपचं कामच ते आहे: आतलं तेल बारीक झडपांतून ढकलायचं आणि चाकाची धडपड उष्णतेत घालवायची. जो काम करतो तो तापतो. गार राहिला तो नुसता लटकलेला आहे. वर्षभर मी दोन शोभेच्या नळ्या घेऊन फिरत होतो.

मग टायरवरून तळहात फिरवायला सांगितला. मागच्या टायरवर दर वीतभर अंतराने उथळ वाट्या पडल्या होत्या. डोळ्याला दिसत नव्हत्या, हाताला लागत होत्या. गाडीचा घों घों आवाज मी बेअरिंगच्या खात्यावर टाकला होता, तो या वाट्यांचा होता.

इथे माझं एक अज्ञान कबूल करतो. गोण्या भरल्या की गाडी मागून बसते, म्हणून मी आबांना म्हणालो, शॉकप जरा दणकट टाका म्हणजे मागून उचलून धरेल. आबा हसले. "वजन झेलाले स्प्रिंग शे. शॉकप फक्त स्प्रिंगले आवरस." गॅस भरलेला शॉकप किंचित उचलतो, पण तो नावालाच. गाडी बसत असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा मालक अधाशी आहे, असं त्यांनी पुढे जोडलं. अधाशी कोण, ते विचारायची गरज नव्हती.

आता खरेदी. सर्व्हिस सेंटरला फोन केला, 'मागवावे लागतील, तारीख सांगता येणार नाही' असं उत्तर आलं. जुन्या गाडीच्या मालकाला हे उत्तर पाठ असतं. म्हणून बाहेरचा माल बघायला लागलो.

पहिली चूक मोबाइलवर झाली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे माझ्या गाडीचं नाव लिहून 'सर्व मॉडेलना चालतो' असा पुढचा जोड होता, भावही बरा. मागवला. खोकं उघडलं तर शॉकपच्या पोटावर एक ताटलीसारखी गोल प्लेट वेल्ड केलेली. मी ती कव्हर समजलो. आबांनी नुसतं लांबून बघितलं. "हाऊ शॉकप दुसरी गाडीना शे." ती प्लेट म्हणजे स्प्रिंग बसायची बैठक. माझ्या गाडीत पुढे कॉइल स्प्रिंगच नाही, चेसिसला समांतर जाणारी सळई आहे, तोच टॉर्शन बार. पुढच्या पिढीच्या मॉडेलात कंपनीने सळई काढून शॉकपभोवती स्प्रिंग आणली, पण गाडीचं नाव तेच ठेवलं.

हे एका गाडीपुरतं नाही. थारचंच घ्या. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग), २०२० च्या थारला पुढे-मागे कॉइल. जुनी सफारी १९९८ पासून पुढे टॉर्शन बारवर होती, २०१२ मध्ये स्टॉर्म आली ती पुढे कॉइल घेऊन. नावावरून शॉकप मागणारा माणूस म्हणजे आडनावावरून सोयरीक ठरवणारा. विक्रेत्याने कुरिअरचे पैसे कापून बाकीचे परत केले. मी कटकट केली नाही, कारण वर्णनाखालचा फोटो मीच नीट पाहिला नव्हता, ताटली त्यात दिसत होती.

दुसरी चूक जळगावला. अजिंठा चौफुलीकडच्या एका पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने एका दमात विचारलं, "साल? पुढचा का मागचा? वरती पिन का रिंग? गॅसवाला का ऑइलवाला?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं होती. तिसऱ्याला मी मोबाइलमधला फोटो दाखवला, त्यात चिखल दिसत होता. त्याने कॅटलॉग चाळला, माझ्या सालाचा नंबर त्याच्याकडे शिल्लक नव्हता. मग मागून एक खोकं आणलं. "हा सेम येतो. बसून जाईल."

'बसून जाईल' या शब्दांवर तेव्हा मी खूश झालो. नंतर कळलं की बसणं आणि लागणं या दोन गोष्टी आहेत. जावयाच्या कोटात सासराही बसतो.

मागचा जोड घेऊन आलो. बाजूला ठेवून बघितला तर जुन्यासारखाच. दोन्ही टोकांना रिंग, रबराचे बुश, बोल्टचं भोक १४ मिलिमीटरचं, तेही जुळलं. मी म्हटलं, आबा, लावा. आबांनी पाना उचलला नाही, टेप काढली. पोऱ्याला खडू आणायला पाठवलं. "घाई कसाले करतस? पहिले मोजा, मंग पैसा द्या." पैसे देऊन झाले होते, पण तो मुद्दा मी काढला नाही.

गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी, टाकी अर्धी, आत कोणी नाही. मागच्या शॉकपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत ४१० मिलिमीटर. पोऱ्याने भिंतीवर लिहिलं. एक्सल आणि वरचा बंप स्टॉप, म्हणजे चाक फारच वर आलं तर आपटायला ठेवलेला रबरी ठोकळा, यांच्यातली फट ७५. आता नवा शॉकप. दाबून अगदी मिटवला तर ३१८, उघडला तर ५२०.

मी लगेच हिशेब केला. ४१० मधून ३१८ गेले, राहिले ९२. फट ७५ ची. म्हणजे शॉकप मिटायच्या आत एक्सल ठोकळ्याला टेकतो, १७ मिलिमीटर शिल्लक. चालतंय की. आबांनी मला गाडीखाली बोलावलं आणि त्या ठोकळ्यावर अंगठा रोवला. रबर. साठ मिलिमीटर उंचीचा ठोकळा आणि त्याच्या कडांना पिळून पिळून बारीक भेगा पडलेल्या. भरल्या गाडीने खड्डा घेतला की हा ठोकळा नुसता टेकत नाही, चेपतो. निम्मा चेपला तरी ३० मिलिमीटर. म्हणजे एक्सल ७५ नव्हे, १०५ वर येणार. शॉकपकडे ९२ च आहेत. उरलेल्या १३ मिलिमीटरसाठी अख्ख्या गाडीचा आणि सात गोण्यांचा दणका ठोकळ्याऐवजी शॉकपच्या आतल्या झडपेवर. सील फुटेल, नाहीतर वरचा ब्रॅकेट चेसिसपासून उचकटेल. मला वाटतं, बरेचसे 'सहा महिन्यांत गळायला लागला, माल डुप्लिकेट होता' असे किस्से याच तेरा मिलिमीटरचे असावेत.

उभ्या गाडीवर तो मस्त बसला असता. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

मग उलटी बाजू मोजली. चेसिसला जॅक लावून दोन्ही बाजूंनी गाडी उचलली, खाली घोड्या लावल्या, जुने शॉकप काढले आणि एक्सल हळूहळू खाली सोडला. खालच्या बाजूला हद्द कोणती, ते मला माहीत नव्हतं. आबांनी दोन जागा दाखवल्या. एक, ब्रेकचा रबरी पाइप: तो ताणून सरळ व्हायच्या आधी थांबायचं. दुसरी, स्प्रिंगचं वरचं टोक: ते बैठकीतून सुटायच्या आधी थांबायचं. अशा गाडीत एक्सलला खाली अडवणारा शॉकपच असतो. तो गरजेपेक्षा लांब असला तर एखाद्या चारीत एक चाक लटकल्यावर स्प्रिंग सैल होऊन तिरकी बसू शकते. आमच्याकडे पाइप ४९५ ला ताणायला लागला. म्हणून उघडलेली लांबी ४८५ च्या आत. मिटलेली लांबी किती हवी? ४१० मधून १०५ गेले ३०५, वर थोडी मोकळीक म्हणून २९५ किंवा त्याहून कमी. मी खताच्या पावतीच्या पाठीमागे लिहून घेतलं: रिंग-रिंग, बोल्ट १४, मिटून २९५ च्या आत, उघडून ४८५ च्या आत. गाडीचं नाव लिहिलंच नाही. ती पावती अजून डॅशबोर्डच्या खणात आहे.

एक मात्र सांगतो. हा हिशेब मागच्या शॉकपला जमला, कारण तो एक्सलजवळ जवळजवळ उभा आहे. तिरका असेल तर चाक जितकं हलतं तितका तो हलत नाही. पुढच्या शॉकपला तर ही वजाबाकी चालतच नाही, कारण तो खालच्या आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, मधोमध कुठेतरी बसतो. तिथे फट न मोजता शॉकपची जागाच थेट मोजायची: आर्म पूर्ण खाली लोंबकळताना एकदा, वरच्या ठोकळ्याला टेकून तो चेपला असताना एकदा.

आणि पुढचं मोजायला गेलो तेव्हाच खरं गुपित बाहेर आलं. गाडी चाकांवर उभी असताना वरचा आर्म खालच्या रबराला टेकायला जेमतेम बोटभर जागा होती. चाकाने थोडंसं खाली जायचं म्हटलं की आर्म टेकलाच. आबा टॉर्शन बारच्या बोल्टजवळ गेले, चिखल खरवडला, बोल्टचे आटे जवळपास संपलेले. आधीच्या मालकाने मोठे टायर टाकले होते आणि गाडी रुबाबदार दिसावी म्हणून सळई पिळून पुढून दोन-अडीच इंच उचलली होती. गाडी उंच झाली, पण चाकाची खाली जाण्याची जागा सगळी खाऊन टाकली. स्पीडब्रेकर उतरताना पुढून जो 'टक' आवाज यायचा, तो शॉकप ढिला असल्याचा नव्हता. दर वेळी वरचा आर्म खालच्या रबरावर आपटत होता. या गाडीला मी कोणताही शॉकप लावला असता, जपानवरून आणलेला लावला असता, तरी वर्षभरात तोच आवाज परत आला असता.

म्हणून शॉकप घ्यायच्या आधी गाडी खाली घेतली. बोल्ट दोन्ही बाजूंना सारखा सोडत, दहा-पंधरा मीटर पुढे-मागे करून बसू देत, पुन्हा मोजत. तासभर गेला. खर्च शून्य. गाडीचं नाक खाली आलं तेव्हा पोरगा म्हणाला, "पप्पा, गाडी बुटकी झाली." झाली.

या सगळ्यात पुण्याहून भाच्याचे फोन चालूच होते. तो डोंगरात गाड्या घालणाऱ्या मंडळींत असतो. त्याचं म्हणणं, मामा, एकदाच खर्च कर, परदेशी मोनोट्यूब टाक, दोन इंच लिफ्टचा किट घे. त्याचं सगळं चूक नव्हतं. साध्या ट्विन ट्यूबमध्ये एका नळीत दुसरी नळी असते आणि तेलाच्या वर गॅस. सतत धडधड झाली की तेलात बुडबुडे होतात आणि फेसाळलेलं तेल झडपेतून विनासायास निघून जातं. शॉकप काही वेळापुरता दमतो. मोनोट्यूबमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये सरकती चकती असते, दाब २० बारच्या पुढे, त्यामुळे फेस होत नाही, आणि एकच नळी असल्याने उष्णताही लवकर बाहेर पडते. मे महिन्यात ४५ डिग्रीत धावणाऱ्या गाडीला हे पटण्यासारखं आहे. पण त्या नळीला बाहेरून दगड लागून पोचा आला की आतला दट्ट्या अडकू शकतो, आणि आमचे वैजापूरकडचे रस्ते दगडांचे. शिवाय चारांचा खर्च सत्तर हजारांच्या घरात, गाडीची किंमत आज चार लाखही येणार नाही. आणि लिफ्ट कशाला? आत्ताच तर दोन इंच खाली आणली. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न आहे. गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार केले की उद्या अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न तोच विचारणार. भाचा म्हणाला, तुला समजत नाही. असेल.

मापाची पावती घेऊन मी धुळ्याच्या एका जुन्या पार्टवाल्याला फोन केला. त्याने गाडीचं नाव विचारायच्या आधी मीच आकडे वाचले. पलीकडे क्षणभर शांतता. मग कॅटलॉगची पानं उलटल्याचा आवाज. गॅब्रिएल, मनरो, केवायबी अशा शॉकप कंपन्यांच्या कॅटलॉगात मिटलेली आणि उघडलेली लांबी बऱ्याचदा छापलेली असते, असं त्यानेच सांगितलं. गिऱ्हाईक कधी विचारत नाही म्हणून दुकानदार कधी बघत नाही. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. मागचा मिळाला, गॅस भरलेला ट्विन ट्यूब, मिटून २९२, उघडून ४८०. कॅटलॉगात तो माझ्याच गाडीच्या पण वेगळ्या सालासमोर लिहिलेला होता. पुढच्यासाठी जुना नमुना घेऊन यायला सांगितलं, कारण वरच्या पिनचे आटे फोनवर मोजता येत नाहीत. गेलो. त्याने नट फिरवून पाहिला, रबरं जुळवली, जोड दिला. कंपनी कोणती ते लिहीत नाही, कारण मला ती तिच्या नावामुळे नाही, २९२ या आकड्यामुळे मिळाली. चार शॉकपचे रबरांसकट अकरा हजारांत काही कमी पडले. होलोग्राम खरवडून पाहिला, बिल जीएसटीचं घेतलं. जळगावचा जोड परत देताना त्या मुलाला मी तेरा मिलिमीटरची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि पैशांऐवजी क्रेडिट नोट दिली. तिच्यात मग ऑइल फिल्टर आणि वायपर आले.

बसवायला अर्धा दिवस लागला, त्यातले दोन तास मागच्या उजव्या खालच्या एका बोल्टला. तेल मारलं, ठोकलं, पुन्हा तेल मारलं, शेवटी तो कापावाच लागला. नवे शॉकप पट्टीने बांधून मिटवलेले येतात. पट्टी कापली की ते अजगर जागा झाल्यासारखे सावकाश उघडतात. आबांनी प्रत्येक शॉकप जसा गाडीत बसणार तसा उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण मिटवला-उघडला, कारण आडव्या खोक्यात प्रवास करताना आतल्या नळीत हवा शिरते. पहिल्या दोन वेळा मधेच पोकळ जागा लागली, नंतर दाब सलग झाला. हे मी स्वतः दाबून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी खांदे धरले.

एकदाच आबा ओरडले. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळत, आणि पोऱ्या खालचे बोल्ट पूर्ण आवळायला निघाला. रबरी बुश आवळला की त्याच जागी धरला जातो. लोंबकळत्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली टेकल्यापासून तो कायम पिळलेला राहतो, आणि काही महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट नुसते अडकवले, गाडी चाकांवर उतरवली, चारदा हलवली, आणि मग आबा स्वतः आडवे होऊन आवळत गेले. मग अलाइनमेंट, कारण टॉर्शन बारची उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात.

पहिल्या फेरीत मी निराश झालो. घों घों आवाज तसाच. टायरच्या वाट्या नव्या शॉकपने भरून येत नाहीत, हे मला माहीत असूनही कुठेतरी आशा होती. रिकामी गाडी मागून जरा कडकही लागत होती, चहाच्या टपरीसमोरचा छोटा स्पीडब्रेकर आता कमरेला कळतो. आणि सात गोण्या टाकल्या की गाडी अजूनही बसते. स्प्रिंगचं काम पुढच्या हंगामावर ढकललं आहे, तोवर दोन फेऱ्या मारतो.

लाटेवर मात्र फरक पडला. अनेरच्या पुलाकडे जाताना एक पट्टा आहे, तिथे पूर्वी मी वेग चाळीसवर आणायचो. परवा साठने गेलो. गाडी उठली, बसली, संपलं. आई शेजारी होती. तिने काही म्हटलं नाही, एसटीचा विषयही काढला नाही.

दोन महिन्यांनी गाडी धुताना मागच्या डाव्या शॉकपवर तेलाचा ओलसर थर दिसला. पोटात गोळाच आला. आबांनी बोटाने पुसून बोट उन्हात धरलं, धूळ चिकटलेली होती, थेंब नव्हता. दांड्याबरोबर थोडं तेल बाहेर येतं, त्याने नळी ओलसर दिसली तर घाबरायचं नाही, ओघळ खाली रिंगपर्यंत आला तर मात्र गेला, असं त्यांनी सांगितलं. नळी फडक्याने कोरडी केली, खडूने एक रेघ मारली आणि दोन हजार किलोमीटरनंतर ये म्हणाले. अकराशे झालेत.